काळ्या मातीत चारोळी: नागपुरातील एका परसबागेचे प्रकरण

नागपूरच्या पश्चिम भागातील एका जुन्या लेआउटमध्ये, खोल काळ्या मातीच्या भूखंडावर, घरामागच्या कडुनिंबाच्या पूर्वेला चारोळीचे एक झाड उभे आहे. ते बी पेरून जागेवरच वाढवलेले आहे आणि आता फळू लागले आहे. याच आवारात त्याच्या दोन वर्षे आधी लावलेले चारोळीचे रोप मात्र वर्षभरही जगले नव्हते. आवार तेच, माणसे तीच, निंबही तोच असताना एक रोप मेले आणि दुसरे वाढले, यामागची कारणे शोधणे हा या लेखाचा विषय आहे. या कुटुंबाशी जुना परिचय असल्यामुळे दोन्ही झाडे मला जवळून पाहता आली. ‘जंगलातले झाड घरी येत नाही’ असे म्हणून अनेक जण चारोळीचा नाद सोडतात, आणि माझ्या मते तो निष्कर्ष चुकीचा आहे. चारोळी घरी येते; तिला कसलेल्या शेतातल्या फळझाडासारखे वागवले की ती मरते.

घरच्या काकू मूळच्या भंडारा जिल्ह्यातल्या. उन्हाळ्यात पानांच्या द्रोणात विकायला येणारी काळी, टपोरी चारं (चारोळीच्या झाडाला आणि फळाला तिकडे ‘चार’ म्हणतात) त्यांच्या लहानपणापासूनची ओळखीची. मागच्या अंगणात आंबा किंवा चिकू लावण्याऐवजी चारच लावायचा, हा आग्रह त्यांचाच होता. तो आग्रह मला फार मोलाचा वाटतो, कारण चारोळीच्या बियांना चांगला भाव मिळत असल्यामुळे जंगलात फळे पिकायच्या आधीच ओरबाडली जातात, त्यासाठी फांद्याही तोडल्या जातात, आणि जमिनीवर पडून उगवायला बी उरत नाही. अशा झाडाला शहरातल्या आवारात जागा मिळाली, तर निदान त्याची ओळख तरी पुसली जाणार नाही.

झाडाचा स्वभाव

चारोळी ही आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुळातली. शास्त्रीय ग्रंथांत ती बहुधा बुकॅनानिया लॅन्झान या नावाने आढळते. अलीकडे बुकॅनानिया कोचिनचायनेन्सिस हे नाव स्वीकारले गेले आहे. नागपूरच्या उत्तरेला रामटेक, देवलापार, पेंचच्या बाजूला आणि पूर्वेला भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या पानगळीच्या जंगलांत साग, ऐन, मोह, धावडा अशा उंच झाडांच्या खालच्या थरात ती दिसते. साल काळपट असते आणि तिला खोल भेगा पडून चौकोनी खवले तयार होतात. पाने जाड, चामड्यासारखी, टोकाला बोथट, आणि त्यांवरच्या समांतर शिरा इतक्या ठळक की एकदा पाहिलेले पान पुन्हा चुकत नाही. जानेवारी ते मार्च या काळात हिरवट पांढऱ्या बारीक फुलांचे तुरे येतात आणि एप्रिल-मे महिन्यांत फळे पिकून काळी होतात. फळावरचा गर पातळ पण गोड असतो, आत टणक कवचाची बी असते, आणि त्या कवचातला मगज म्हणजे बासुंदी-श्रीखंडात पडणारी चारोळी.

या प्रकरणापुरत्या तिच्या स्वभावातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. लहानपणी ती अर्धवट सावली सोसते, किंबहुना आपल्या भागातल्या उन्हाळ्यात तिला तशा सावलीचा आधारच होतो. मोठेपणी मात्र फळायला तिला उजेड लागतो. दुसरी गोष्ट मुळांची. कोरड्या, दगडगोट्यांच्या उतारावर तग धरण्यासाठी ती आधी खोल सोटमूळ सोडते आणि वरची वाढ सावकाश करते. दुष्काळ ती सहन करते, पण मुळाशी तुंबलेले पाणी तिला सोसत नाही.

पहिले रोप

पहिले रोप एका रोपवाटिकेतून आणले होते. गुडघाभर उंचीचे, चार-पाच जाड पानांचे, दिसायला निरोगी. जुलै २०१३ मध्ये ते लावले गेले. लावण्याची पद्धत आपल्याकडे आंब्या-संत्र्यासाठी सर्वत्र सांगितली जाते तीच होती: तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा, त्यात भरपूर शेणखत, वर माती आणि भोवती पाणी साठवणारे आळे. त्या वर्षी विदर्भात अतिवृष्टी झाली. सप्टेंबरपर्यंत रोपाची पाने पिवळी पडली होती. कोवळी पाने शिरांमध्ये फिकट आणि शिरा तेवढ्या हिरव्या अशी दिसत होती. पिवळेपणा पाहून घरच्यांनी आणखी खत दिले. हिवाळ्यात एकदा नवी पालवी फुटली, त्यामुळे सगळ्यांना हायसे वाटले. फेब्रुवारीनंतर मात्र पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळू लागल्या आणि नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आत रोप वाळले.

रोप उपटल्यावर जे दिसले त्यावरून कारणांचा उलगडा झाला. सोटमूळ पिशवीच्या तळाशी गोल फिरून त्याचे वेटोळे झाले होते आणि जमिनीत लावल्यानंतरही ते खाली उतरलेच नव्हते. बाजूची मुळे काळी पडली होती. बोटांत धरून ओढताच त्यांची साल मोज्यासारखी निघून येत होती आणि आत नुसता धागा उरत होता. खड्ड्याच्या तळाच्या मातीला सडलेल्या शेणाचा आंबूस वास होता. मे महिना चालू असतानाही तळाची माती ओलसर होती, आणि खड्ड्याच्या भिंतींना मात्र बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

काळ्या मातीतल्या चिकणमातीचा गुणधर्म असा की ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. पावसाळ्यात फुगलेल्या मातीतून पाणी जवळपास खाली जात नाही. अशा जमिनीत खड्डा खणून त्यात भुसभुशीत खतमाती भरली, तर आजूबाजूचे पाणी वाट मिळेल तिकडून त्या खड्ड्यात येते आणि तेथेच राहते. खत कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवते. नागपूरला वर्षाला सरासरी सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे हा खड्डा सलग कित्येक आठवडे भरलेला राहतो. चिबड जमीन म्हणून शेतकरी जिला ओळखतो, ती आपण हौसेने खणून, खत घालून रोपाच्या मुळाशी तयार करतो.

याची खातरजमा करण्यासाठी त्याच आवारात एक साधी चाचणी घेतली. हातभर खोल खड्डा करून तो पाण्याने भरायचा आणि पातळी किती उतरते ते पाहायचे, ही रीत सर्वांना ठाऊक आहे; पण काळ्या मातीत ती उन्हाळ्यात केली तर फसवते. मे महिन्यात पाणी भेगांतून बघता बघता नाहीसे झाले आणि निचरा उत्तम आहे असा समज होण्याची वेळ आली. तीच चाचणी ऑगस्टमध्ये, जमीन पुरती भिजल्यावर केली, तेव्हा रात्रभरात पाण्याची पातळी जेमतेम दोन बोटे उतरली. काळ्या मातीच्या आवारात कोणतेही डोंगरी झाड लावू इच्छिणाऱ्याने ही चाचणी भर पावसाळ्यातच करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पिवळ्या पानांचे कारण वेगळे आणि तरीही याच्याशी जोडलेले होते. माती तपासून घेतल्यावर तिचा सामू (पीएच) ८ च्या वर आणि चुन्याचे प्रमाण जास्त असल्याचे दिसले. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, आणि मुळे पाण्यात गुदमरलेली असतील तर अडचण दुणावते. म्हणजे रोपाला खताची उणीव नव्हतीच. वाढवलेल्या खताने हानी मात्र झाली.

पानांच्या कडा करपण्याचे कारण शोधायला थोडा वेळ लागला, कारण ते रोपाजवळ नव्हते, खिडकीत होते. नागपुरात मार्चपासून घरोघर कूलर लागतात. या घरी कूलरच्या टाकीत बोअरवेलचे पाणी भरले जाई आणि टाकी साफ करताना उरलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून नळीने रोपाच्या आळ्यात सोडले जाई. हेतू चांगला होता. परंतु कूलरमधून उडते ते शुद्ध पाणी. त्यातले क्षार टाकीतच राहतात आणि रोज भर घातल्याने वाढत जातात. खिशात मावणाऱ्या साध्या मीटरने मोजले तेव्हा टाकीतल्या पाण्यातले क्षार बोअरवेलच्या पाण्याच्या तिपटीहून अधिक भरले. टाकीच्या कडांवर आणि वाळ्याच्या ताट्यांवर जमणारा पांढरा थर म्हणजे तेच क्षार. आधीच मुळे गेलेल्या रोपाला भर उन्हाळ्यात हे पाणी मिळत होते. कूलरचे पाणी झाडांना घालण्याची सवय आपल्या शहरात इतकी रुळलेली आहे की पानांच्या करपण्याचा दोष नेहमी उन्हालाच दिला जातो.

दुसरा प्रयत्न: खड्ड्याऐवजी उंचवटा

दुसऱ्या वेळी तीन गोष्टी बदलल्या: जागा, लावण्याची पद्धत आणि रोपाचा उगम.

जागा निवडताना निंबाचा विचार केला गेला. निंबाच्या खोडापासून सुमारे पंधरा फुटांवर, पूर्वेच्या बाजूला, सकाळचे ऊन पूर्ण मिळते आणि दुपारी दोननंतर सावली पडते. मे महिन्यात जिथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथे लहान रोपाला तिसऱ्या प्रहराचे ऊन चुकणे ही मोठी सवलत आहे. निंबाच्या पश्चिमेला लावले असते तर नेमके उलटे झाले असते.

खड्डा खणलाच नाही. सहा फूट व्यासाच्या वर्तुळातली जमीन सब्बलने फक्त फोडून भुसभुशीत केली, म्हणजे सोटमुळाला खाली उतरायला वाट राहील, आणि त्यावर दोन फूट उंचीचा उंचवटा रचला. त्यात दोन भाग मुरूम, एक भाग वरच्या थरातली काळी माती आणि एक भाग पूर्ण कुजलेला पालापाचोळा होता. ताजे शेणखत अजिबात वापरले नाही. उंचवट्याच्या भोवतीचे पाणी आवाराच्या उताराकडे नेणारी वीतभर खोल चारी काढली. हे काम एप्रिल २०१५ मध्ये पूर्ण झाले, कारण काळी माती ओली असताना तुडवली तर ती दगडासारखी घट्ट होते. मुरूम पसरायला आलेले गृहस्थ देवलापारकडचे होते. काम पाहून ते काकूंना म्हणाले, “हे बरं केलं जी काकू. आमच्याकडं चार टेकडीवरच भेटते, बांधीत नाही भेटत.” बांधी म्हणजे धानाचे पाणी साठवणारे शेत, झाडाच्या गरजेचे याहून नेमके वर्णन मला तरी करता येणार नाही.

रोप विकत आणण्याऐवजी बी पेरण्याचा निर्णय सोटमुळामुळे घेतला. बाजारात मिळणारी सोललेली चारोळी पेरण्यासाठी निरुपयोगी असते. कवच फोडताना तिला इजा झालेली असते आणि तेलाचे प्रमाण जास्त असल्याने तिची उगवणशक्ती फार टिकतही नाही. म्हणून मे महिन्याच्या मध्यावर पूर्ण काळी झालेली ताजी चारं घेतली, गर चोळून काढला आणि बिया सावलीत वाळवल्या. जूनच्या सुरुवातीला त्या पाण्यात टाकून तरंगणाऱ्या काढून टाकल्या, उरलेल्या दिवसभर भिजवल्या आणि नंतर एकेक बी चिमट्यात उभी धरून तिच्या कडेच्या सांध्यावर लहान हातोडीने हलका ठोका दिला. ठोका बरोबर बसला की कवच दोन शकलांत किंचित उघडते आणि आतला मगज शाबूत राहतो. जोरात बसला तर मगज चिरडतो आणि ते बी गेले. काही बिया मुद्दाम न फोडता ठेवल्या होत्या. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाल्यावर उंचवट्याच्या माथ्यावर बोटाच्या एका पेराएवढ्या खोलीवर सगळ्या पेरल्या आणि वर बारीक जाळीचे टोपले उलटे घालून दगड ठेवले, कारण तेलकट मगजाचा वास मुंग्यांना आणि उंदरांना लगेच लागतो. फोडलेल्या बियांपैकी निम्म्याहून अधिक दोन-तीन आठवड्यांत उगवल्या. न फोडलेल्यांपैकी एखाददुसरीच. वर्षअखेर सर्वांत जोमदार रोप ठेवून बाकीची कापली. उपटली नाहीत, कारण त्यामुळे राखलेल्या रोपाची मुळे हलली असती.

वाढीची वर्षे

पहिली दोन वर्षे वरून पाहणाऱ्याला निराश करणारी होती. रोप वीतभर वाढून थांबले, आणि पहिल्या उन्हाळ्यात त्याचे शेंड्याकडचे भाग वाळून खालून पुन्हा फूट आली. चारोळीत हे घडतेच; त्या काळात तिची खरी वाढ जमिनीखाली चालू असते. या टप्प्यावर खत आणि पाण्याचा मारा करण्याचा मोह आवरणे हे सर्वांत अवघड काम आहे. उन्हाळ्यात उंचवट्याच्या कडेला मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून ते आठ-दहा दिवसांनी नळाच्या पाण्याने भरले जाई. कूलरचे पाणी बंद झाले. फेब्रुवारी-मार्चमध्ये निंबाची पाने गळतात, तीच जाड थराने आच्छादन म्हणून पसरली जात. खोडाभोवती मात्र हातभर जागा मोकळी ठेवली जाई, कारण आच्छादन खोडाला टेकले की वाळवी सालीवर मातीचे पदर चढवते.

निंबाची सावली मिळाली तशी त्याच्या मुळांची स्पर्धाही आली. तिसऱ्या वर्षी उंचवटा खरवडून पाहिला तेव्हा त्याच्या पश्चिम बाजूत निंबाची बारीक मुळे दाटली होती. त्या बाजूला दर पावसाळ्यानंतर कुदळीने दीड फूट खोल चर मारून ती तोडण्याचा क्रम ठेवला. मोठ्या निंबाला त्याचा काही त्रास झालेला दिसला नाही.

२९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले. त्या थंडीत झाडाची शेंड्याची कोवळी पाने तपकिरी झाली. लागलीच छाटणी न करता मार्चपर्यंत वाट पाहिली, आणि ज्या फांद्या मेल्या असे वाटत होते त्यांतल्या बहुतेक पुन्हा फुटल्या. खालून सुटलेले फुटवे तेवढे काढून एक खोड राखले. त्यानंतर वाढीने वेग घेतला आणि सातव्या वर्षी झाड दहा फुटांच्या आसपास पोचले.

याच सुमारास झाड पूर्वेकडे झुकू लागले. लहानपणी उपकारक ठरलेली सावली आता अडसर होत होती. निंबाच्या खालच्या दोन फांद्या काढण्याचे ठरले, आणि नागरी भागातील झाडांना १९७५ चा महाराष्ट्राचा वृक्षसंरक्षण कायदा लागू असल्यामुळे त्यासाठी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घेतली. हे काम २०२२ च्या हिवाळ्याच्या सुरुवातीला झाले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिले तुरे दिसले. श्रेय फांद्या काढण्याला द्यावे की झाडाच्या वयाला, हे एका झाडावरून ठरवता येत नाही, कारण बियांपासूनची चारोळी आठ-दहा वर्षांच्या सुमारास फळू लागतेच. मात्र पुढच्या दोन्ही हंगामांत तुरे उन्हाच्या बाजूच्या फांद्यांवर दाट आणि निंबाकडच्या बाजूला अगदी विरळ होते, ही नोंद उजेडाच्या बाजूने बोलते.

फळ आणि त्यापुढचे काम

पहिल्या वर्षी मूठभर फळे मिळाली. फुले असंख्य येतात, पण त्यांतली बहुतेक गळतात. त्यात काळजीचे काही नाही. २०२५ मध्ये दोन किलोंच्या आसपास फळे उतरली. एका तुऱ्यावरची फळे एकाच वेळी पिकत नाहीत, त्यामुळे काळी झालेली तेवढीच रोज सकाळी तोडावी लागतात, आणि बुलबुल त्याआधी पोचतात. हिरवी तोडून घरात पिकवण्याचा उपाय सुचवला गेला होता, पण अशा फळांतला मगज भरलेला नसतो, म्हणून काकूंनी तो नाकारला. वरच्या फांद्या पाखरांना सोडल्या आणि हाताशी येणाऱ्या तुऱ्यांना जुन्या सुती साडीच्या कापडाच्या पिशव्या बांधल्या.

बिया रात्रभर भिजवून गोणपाटावर चोळल्या, उन्हात खडखडीत वाळवल्या आणि मग दगडी जात्याची वरची पाळ थोडी उचलून धरत सावकाश भरडल्या. पाळ खाली टेकली की मगजाचा चुरा होतो, फार वर राहिली की बी न फुटता बाहेर पडते. ही उंची हातालाच कळते. दोन किलो फळांमागे लहान वाटीभर चारोळी हाती आली. जंगलात ही वेचणाऱ्या आणि फोडणाऱ्या माणसांचे कष्ट किती असतात, हे त्या वाटीवरून समजते.

ज्यांना आठ वर्षे थांबणे शक्य नाही, त्यांच्यासाठी कलमाचा मार्ग आहे. गुजरातेत गोध्र्याजवळ वेजलपूर येथील केंद्रीय उद्यानविद्या प्रयोग केंद्राने चारोळीवर मृदुकाष्ठ कलमाचे (कोवळ्या खोडावर काडी बांधण्याचे) काम केले असून ‘थार प्रिया’ हा निवडक वाणही दिला आहे. कलमी झाड लवकर फळते. तयार कलम आणताना मात्र पिशवीतल्या वेटोळ्या सोटमुळाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. म्हणून काळ्या मातीच्या आवारासाठी मी असे सुचवेन की बी उंचवट्यावर जागेवरच पेरावी आणि रोप पेन्सिलीएवढे जाड झाल्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी त्याच्यावरच चांगल्या फळणाऱ्या झाडाची काडी बांधावी.

या आवारात आता तेच करायचे आहे. कुंपणाच्या पूर्व कोपऱ्यात दुसरा उंचवटा रचून झाला आहे, त्याची चारी जुन्या चारीला जोडली आहे आणि त्यावर उगवलेल्या रोपाला दोन पावसाळे पूर्ण झाले आहेत. त्याच्या खोडाची जाडी अजून कलमाला पुरेशी नाही, त्यामुळे बांधणी आणखी एक वर्ष पुढे ढकलली आहे. दरम्यान फळणाऱ्या झाडाच्या बुंध्यापासूनचा उंचवटा पावसाने वीतभर झिजला असून वरची मुळे उघडी पडू लागली आहेत. येत्या एप्रिलमध्ये त्यावर मुरूम आणि पालापाचोळ्याची नवी भर घालायची आहे.